मापाऱ्याच्या हातात सुई

हरिदास थूल रिकामा बसलेला कुणी पाहिला असेल तर त्यानं पुढं येऊन सांगावं. हिंगणघाटच्या बाजार समितीच्या आवारात तो बत्तीस वर्षं मापारी. मूळचा अल्लीपूरचा. पंचविशीत पोती उचलायला म्हणून आला, आणि डोकं थंड, गिनती पक्की म्हणून काट्यापाशी उभा केला गेला तो कायमचा. सोयाबीन असो, तूर असो, चणा असो, सकाळी काट्यापाशी उभा राहिला की शेवटचं पोतं उतरेपर्यंत त्याच्या दोनच गोष्टी चालत. तोंडानं मोजणी आणि हातानं खर्रा.

खर्रा काय असतो हे आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला गेलं तर तो आपल्या तोंडाकडे बघत बसेल, पण लांबच्या वाचकासाठी सांगून टाकतो. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू, चुना, सगळं प्लास्टिकच्या एका पन्नीत टाकायचं आणि तळहाताखाली घोटायचं. घोट घोट घोटायचं. पानठेलेवाला घोटून देतोच, पण खऱ्या शौकिनाचं तेवढ्यानं भागत नाही. तो पुडी खिशातून काढून पुन्हा घोटतो, बोलता बोलता घोटतो, भांडता भांडता घोटतो. हरिदास आधी दिवसाला दोन पुड्या खायचा. मग चार झाल्या. त्याचा एकुलता मुलगा निकेश पुण्याला कंपनीत लागला तोवर गाडी नऊवर गेली होती.

मोजणीचीही एक रीत होती. माप घेताना पहिल्याला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. का म्हणून विचारलं तर कुणी धड सांगणार नाही. ‘एक म्हनलं का बरकत जाते,’ एवढंच. हरिदासचा ‘लाभ’ आवाराच्या फाटकापर्यंत ऐकू जाई. शेतकरी चहाला गेलेला असला तरी त्याला तिथं कळे की आपलं माप सुरू झालं. आता काटा बिजलीचा आला, वजन तोच दाखवतो, पण पोती मोजायला अजून माणूसच लागतो. हरिदासच्या हातून कधी माप कमी पडलं नाही असं शेतकरी म्हणत आणि व्यापारीही म्हणत. या दोघांचं एका गोष्टीवर एकमत होणं ही काही साधी गोष्ट नाही.

मागच्या दिवाळीनंतर मात्र हे तोंडच बंद पडायला लागलं. आधी मिरचीचा ठेचा झोंबू लागला. वऱ्हाडी माणसाला ठेचा झोंबतो म्हणजे काय, अब्रूचाच प्रश्न. मग भाकरीचा घास मोठा होईना. मग आवारात त्याचा ‘लाभ’ काट्यापुढं जाईना, आणि एक दिवस देवळीकडचा एक शेतकरी चारचौघांत म्हणाला, “काय पुटपुटून राह्यला गा? मोठ्यानं मोज ना.” बत्तीस वर्षांत हे त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी निकेश सुट्टीवर आला आणि बापाला धरून वर्धेच्या दवाखान्यात घेऊन गेला. दातांची डॉक्टर तरुण होती. तिनं हरिदासला स्वतःचीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. दुसरं बोटसुद्धा पुरतं आत गेलं नाही. मग तिनं पट्टी लावली आणि आकडा वाचला, “एकवीस मिलीमीटर. काका, माणसाचं तोंड चाळीसच्या आसपास उघडतं. तुमचं अर्धं मिटलंय.”

हरिदासनं पट्टीकडे पाहिलं. आकडा त्याला कळतो. निम्मं माप म्हणजे काय हे त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं.

“आजपासून खर्रा बंद,” ती म्हणाली. “कमी नाही, बंद. या लाकडी काड्या दातांत एकावर एक रचायच्या, रोज तोंड थोडं थोडं ताणायचं. तीन महिन्यांनी या. उघडणं वाढलेलं असेल तर व्यायामावर भागेल. कमी झालं तर ऑपरेशन. आणि आतले हे पांढरे पट्टे बिघडले तर...” पुढचं तिनं सांगितलं नाही. आवारातले दोन हमाल त्या ‘तर’नंच गेले होते, हरिदास दोघांच्या मातीला जाऊन आला होता.

त्यानं खर्रा त्याच दिवशी टाकला. माणूस शब्दाचा पक्का. पण तोंडाची तलफ एकवेळ सोसवते, हाताच्या तलफेचं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी दुधाची पिशवी फाडल्याचा आवाज आला की त्याचे तळहात शिवशिवू लागत. टीव्हीचा रिमोट दोन्ही हातांत घोटून घोटून त्यानं त्यावरचे आकडे पुसून टाकले. बसचं तिकीट हातात आलं की उतरेपर्यंत त्याचा भुगा. जेवायला बसला की उठे, उठला की अंगणात जाई, अंगणातून फाटकात, फाटकातून पुन्हा घरात. त्याच्या मागं मागं फिरून त्याच्या बायकोची, कोकिळेची मान दुखून आली.

“निकेशचे बाबा, थे रिमोट हाय. पुडी नोहे,” ती म्हणे.

“तुले काय जाते?”

“मले काय जाते? सकायपासून डोक्शावर नाचून राह्यले, अन् म्हनते मले काय जाते.”

दोघंही तापट झाली होती. पूर्वी तीन दिवसांतून एकदा होणारं भांडण आता दिवसातून तीनदा होई आणि मुद्दा काय होता हे संध्याकाळी दोघांनाही आठवत नसे. आवारात जावं तर हेमराज. हेमराज हा त्याचा जुना जोडीदार, हमाल, आणि त्याच्या खिशात पुडी नाही असा दिवस उगवायचा होता. “काय गा हरिदास, एक चिमटी,” तो पुडी पुढं करी. वाईट हेतू काही नाही, बत्तीस वर्षांची सवय. हरिदास तोंड फिरवून दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राही आणि खिशातल्या किल्ल्या घोटत बसे.

अशातच कोकिळेनं त्याला एका दुपारी पोलक्याचा तुकडा देऊन दोरा आणायला पाठवलं, बहुतेक घरातून घालवायलाच. लोकरीचं आणि दोऱ्याचं दुकान ज्योत्स्नाताईचं. नवरा कापसाच्या व्यापारात, आणि ही दुकान चालवते, चाळिशीची, जिभेला धार. ती गल्ल्यावर बसली होती. एका हातात छोटीशी आकडीची सुई, दुसऱ्या बोटाला गुंडाळलेला दोरा, आणि गिऱ्हाइकाशी बोलता बोलता तिची बोटं आपली चालूच. हरिदास दोरा मागायचा विसरला. तो त्या बोटांकडे पाहत उभा राहिला, इतका वेळ की ज्योत्स्नाताईनं पदर नीट केला.

“काय पाह्यजे भाऊ?”

“ताई, हे काय करून राह्यल्या?”

“क्रोशा हाय. विणकाम.”

“किती वेळ चालते हे?”

“दोरा सरेपर्यंत.”

हरिदासनं कितीतरी दिवसांचा दबलेला श्वास सोडला. “मले शिकवा,” तो म्हणाला.

ज्योत्स्नाताई दुकानाच्या मागच्या खोलीत दुपारी पाचसहा बायकांना शिकवायची. तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. पोत्यांच्या सुतळीनं चरे पडलेले, अंगठ्याला चुन्याचा जुना चट्टा. “भाऊ, तिथं सगळ्या बायका बसतात,” ती म्हणाली.

“मंग मी भिताडाकडं तोंड करून बसतो.”

आणि खरंच बसला. दुसऱ्या दिवसापासून चणा उतरला की आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून हरिदास मापारी दुपारी अडीचला भिंतीकडे तोंड करून सुई धरू लागला. बायका चार दिवस तोंडाला पदर लावून हसल्या. पाचव्या दिवशी एकीनं त्याच्यापुढंही चहा ठेवला, तेव्हा त्यानं समजून घेतलं की आपण आता आतले झालो.

ताईनं त्याला जाड लोकर दिली, फिक्या पिवळ्या रंगाची, कारण गडद लोकरीत नवशिक्याला टाक्यांची घरं दिसत नाहीत. आधी साखळी. सुईनं दोरा गाठीतून ओढायचा, झालेल्या कडीतून पुन्हा ओढायचा, कडीतून कडी. ऐकायला सोपं. पण हरिदासचा हात पडला घोटणाऱ्याचा. त्यानं दोरा असा आवळला की त्या कड्यांत सुईच शिरेना. सुईचं टोक घुसवायला जाई तर ते सटकून अंगठ्यात रुते. घामानं लोकर ओली झाली.

“भाऊ, थे लोकर हाय, बैलाचं दावं नोहे,” ज्योत्स्नाताई म्हणाली. “ढिल द्या थोडी.”

“ढिल देली का निसटते.”

“निसटू द्या. निसटली का पुन्हा धरा.”

निसटू देणं हे त्याच्या स्वभावात नव्हतंच. बत्तीस वर्षं काहीही निसटू नये म्हणूनच तर तो काट्यापाशी उभा होता. पहिला आठवडा साखळीतच गेला. घरी तो अंगणात, आवारात झाडाखाली, तिसऱ्या पोत्यानंतर आणि तिसाव्या पोत्यानंतर साखळी घाले आणि उसवे. हेमराजनं विचारलंच, “काय गा, कोनाचं झबलं विनून राह्यला?” हरिदासनं पुढची कडी ओढली. दातांत सहा काड्या धरलेल्या होत्या, उत्तर देताही आलं नसतं. पण एक गोष्ट खरी, सुई हातात असली की तळहात शिवशिवत नव्हते. ती खाली ठेवली की मात्र पाच मिनिटांत पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

मग आला मुका खांब. साखळीवर परतताना एकेका घरात सुई घालून जो बुटका, घट्ट टाका घालतात त्याला मुका खांब म्हणतात. वीस घरांची साखळी, वीस खांबांची ओळ. ओळ संपली की एक साखळी घालून काम उलटं फिरवायचं आणि पुन्हा वीस. ज्योत्स्नाताई बजावून सांगे, “फिरवताना घालता थे साखळी फकस्त उंचीसाठी हाय. थे गिनायची नाई.”

आणि इथं हरिदासची इज्जत गेली. वीसची ओळ परतताना एकोणीस भरली. पुढची अठरा. त्याला वाटलं आपण चुकलो, त्यानं उसवलं, पुन्हा घातलं. वीस, एकोणीस, अठरा. दहाव्या ओळीला अकराच उरले आणि हातातला तुकडा एका टोकाला निमुळता होत गेला. बायका म्हणाल्या, “भाऊ, समोसा झाला.” त्या हसण्याखेळण्यात म्हणाल्या, पण त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. समोसा म्हणा, काही म्हणा, त्याला दिसत होतं ते एवढंच की हरिदास मापाऱ्याचं माप कमी येतंय. दर ओळीला एक. आणि जातंय कुठं ते सापडत नाही.

पाच वेळा उसवलं. जेवणात लक्ष लागेना. आवारात चण्याची पोती मोजता मोजता त्याच्या डोक्यात खांब मोजले जात आणि एकदा तर सत्तावीस पोत्यांनंतर तो एकदम थांबला. मोजणी पुन्हा पहिल्यापासून करायला लावली. व्यापारी चिडला. हरिदास त्याच्याहून जास्त चिडला. दुपारी दुकानात येऊन त्यानं लोकर ताईच्या पुढ्यात टाकली.

“ही लोकर आटते.”

“नाचता येईना अंगण वाकडं,” ज्योत्स्नाताई म्हणाली. “बसा. माह्यासमोर एक ओळ घाला. अन् मोठ्यानं मोजा.”

मोठ्यानं मोजायचं म्हणजे जबडा दुखायचा, म्हणून आजवर तो मनात मोजत होता. आता त्यानं तोंड जितकं उघडेल तितकं उघडलं. काम फिरवलं, उंचीची ती एक साखळी घातली आणि म्हणाला, “लाभ.” मग सुई घातली आणि म्हणाला, “दोन.”

“थांबा. लाभ काय?”

“ही पह्यली, म्हनून लाभ. तुमीच म्हनलं ना ही गिनायची नाई? आमच्याकडं पह्यल्याले एक नाई म्हनत. लाभ म्हनते.”

ज्योत्स्नाताईनं सुईच्या टोकानं दाखवलं. “अन् दोन कोन्या घरात घातला?”

“दुसऱ्या.”

“मंग पह्यलं घर?”

हरिदासनं पाहिलं. पहिलं घर रिकामं होतं. दर ओळीला तेच घर रिकामं राहत होतं, कारण त्याचा मान त्यानं आधीच त्या उंचीच्या साखळीला देऊन टाकला होता. खोलीत कुणी हसलं नाही. ज्योत्स्नाताई व्यापाऱ्याच्या घरची, तिलाही हा रिवाज माहीत होता. ती म्हणाली, “लाभ म्हना ना, म्हनू नका असं कोन म्हनते? पन पह्यल्या घरात खांब घाला अन् मंग म्हना. साखळीले काईच म्हनू नका.”

त्या दुपारी ओळीमागून ओळ वीस भरत गेली. दोन्ही कडा सरळ. हरिदासनं तो तुकडा मांडीवर पसरला, बोटं लावून दोन्ही टोकं मोजली, आणि त्याला इतकं बरं वाटलं की तो तासभर एकाच जागी बसून राहिला. घरी येऊन कोकिळेला दाखवला. ती भांडी घासत होती. “चांगलं हाय,” ती म्हणाली आणि पुन्हा कढईत हात घातला. त्याला वाटलं होतं ती आणखी काही म्हणेल.

असा मार्च सरला. एप्रिलात ऊन वाढलं, आवारात माल कमी झाला, दुपारी अंगाची काहिली. दातांतल्या काड्या नऊवर गेल्या होत्या. बासष्टाव्या दिवशी मात्र घात झाला. ज्योत्स्नाताई पुतण्याच्या लग्नाला देवळीला गेलेली, दुकान चार दिवस बंद, आणि त्याच दिवशी हरिदासच्या हातानं सुई वाकवली. ॲल्युमिनियमची सुई ती, तलफेच्या भरात इतकी आवळली की मधूनच मोडल्यासारखी दुमडली. सरळ करायला गेला तर आकडीच तुटली.

मग जे सुरू झालं ते सांगायला लाज वाटते. एक तास तो घरात येरझारा घालत राहिला. हात धुतले, पुन्हा धुतले. उशीचा अभ्रा घोटला. आणि मग, आपण काय शोधतोय हे स्वतःला न सांगता, शोधू लागला. गाडीची डिकी. जुन्या सदऱ्यांचे खिसे. पेटीमागची फट. कधीकाळी कुठं कुठं पुड्या लपवल्या होत्या ते सगळं पाहून झालं, काही नाही. कोकिळा भाजी आणायला गेली होती. तो स्वयंपाकघरात शिरला. तिथं त्यानं आयुष्यात कधी पुडी ठेवली नव्हती, तरी शिरला. डाळीचे डबे हलवले, आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यामागं हाताला पन्नी लागली. रबर लावलेली पुडी.

त्यानं विचार केला नाही. रबर काढलं, चिमूट घेतली आणि गालात टाकली. बासष्ट दिवस एका क्षणात गेले. जिभेला आधी कळलं, डोक्याला मागून. खर्रा ओला होता. त्याची राहिलेली पुडी असती तर वाळून कडक झाली असती. हा आजचा होता, फार तर कालचा.

दारात कोकिळा उभी होती. हातात पालकाची जुडी. तिनं पन्नी पाहिली, सरकवलेला डबा पाहिला, त्याचा हलणारा जबडा पाहिला.

“खाल्ला?” ती म्हणाली.

“कोनाचा हाय हा?”

तिनं जुडी ओट्यावर ठेवली. “माह्या.”

ती ओट्याकडे वळली. तिकडेच तोंड करून बोलली. “तुमच्याच खिशातून घेत होती आतापर्यंत. तुमी आंघोळीले गेले का चिमूटभर. नऊ पुड्यांत एक चिमूट कोनाले दिसते? आता तुमी सोडला. मी काय ठेल्यावर जाऊन उभी राहू? हेमराजभाऊच्या बायकोकून मांगून आनते.”

“कवापासून?”

“निकेश पोटात होता तवा दाढ ठनकत होती. तुमीच म्हनलं, चिमूटभर दाबून ठेव, बरं वाटन. तुमच्याच हातानं भरवला. याद नाई?”

त्याला आठवत नव्हतं. बत्तीस वर्षांपूर्वी कुणाच्या तुरीची किती पोती होती हे तो सांगेल, पण हे त्याला आठवत नव्हतं. तो मोरीत गेला, थुंकला, तीनदा चूळ भरली आणि ओल्या तोंडानंच परत आला.

“आ कर,” तो म्हणाला.

“मले काई नाई झालं.”

“आ कर म्हनतो.”

तिनं पदरानं हात पुसले आणि आपली बोटं तोंडाशी नेली. एक बोट गेलं. दुसऱ्याचं नख दातावर वाजलं आणि तिथंच राहिलं. त्यानं पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. एक.

“जेवते कशी तू?”

“भाकर चुरून घेते वरनात. दोन वर्सं झाले.”

दोन वर्षं. आणि तो रोज त्याच घरात जेवत होता. पण ती जेवायची त्याच्यानंतर, तो हात धुऊन बाहेर गेल्यावर, आणि तिच्या ताटाकडं पाहायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. हरिदासचं डोकं फिरलं. आधी तिच्यावरच फिरलं.

“सांगाले काय झालतं तुले?”

“सांगतलं असतं तं तुमी काय म्हनलं असतं? बाईची जात अन् खर्रा खाते. हेच ना?”

हेच. दुसरं काय म्हणाला असता?

“तुमी सोडला तं साऱ्या मोहल्ल्यानं पाह्यलं,” कोकिळा म्हणाली. “निकेश रोज फोन करून विचारते, बाबा, आज कितवा दिवस? माह्यं खानंबी चोरून. सोडावं तं थेबी चोरूनच.” आणि ती पालक निवडायला बसली. तिची बोटं पालकाची देठं तळहातावर घोटत होती. हरिदास उंबरठ्यावर बसला आणि त्या बोटांकडं पाहत राहिला. दोन महिने हा असाच हात तिच्या अंगाला जोडलेला होता आणि तो आपल्याच हाताचं कौतुक करत फिरत होता.

पुढचे दिवस घरात एकदाही भांडण झालं नाही. आणि हे भांडणापेक्षा वाईट. ज्योत्स्नाताई परतली तशी त्यानं नवी सुई आणली, यावेळी पोलादाची. वीस घरांऐवजी चाळीस घरं घातली. तीन महिने संपेपर्यंत एक मोठा चौकोनी रुमाल पुरा करायचा, डॉक्टरणीला दाखवायचा, असं मनाशी धरून तो विणत होता. पण विणताना दर चार खांबांनी तो मान वर करून कोकिळा कुठं आहे ते पाही. तो तिला दवाखान्यात चल म्हणे, ती नाही म्हणे. “तुमचं दाखवा आधी,” म्हणे. “सैपाक कोन करन,” म्हणे. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “अन् काई निंगालं तं?” तेव्हा त्याला कळलं की स्वयंपाकाचं निमित्त आहे, ती भ्यालेली आहे. तो म्हणाला, “निंगालं तं मी हावो ना.” हे वाक्य त्यानं तिला आयुष्यात पहिल्यांदा ऐकवलं असावं, कारण ती उठून दवाखान्यात नेसायच्या लुगड्याची घडी काढायला गेली.

एप्रिल संपता संपता दोघं वर्धेच्या गाडीत बसली. रुमाल पुरा झाला होता. चारही कडा सरळ, कोपरे नीट, इस्त्री केल्यासारखा. त्यानं तो पिशवीत सगळ्यात वर ठेवला होता.

डॉक्टरणीनं पट्टी लावली. “सव्वीस,” ती म्हणाली. “काका, पाच मिलीमीटर वाढलं. पट्टेही बिघडलेले नाहीत. ऑपरेशन नको.”

हाच आकडा ऐकण्यासाठी माणूस तीन महिने जळला होता. पण हरिदास खुर्चीतून तसाच उठला आणि दाराशी उभ्या असलेल्या कोकिळेचा दंड धरला. “आता हिचं पाहा,” तो म्हणाला.

कोकिळेनं पदर तोंडावरून काढायला फार वेळ लावला. डॉक्टरणीनं पट्टी लावली, पुन्हा लावली. मग दिवा जवळ ओढला आणि बराच वेळ आत पाहत राहिली. “पंधरा,” ती म्हणाली. “आणि उजव्या गालात आत एक जागा मला आवडत नाही. तुकडा तपासायला घ्यावा लागेल, आजच. किती वर्षांपासून खाता तुम्ही?”

कोकिळेनं नवऱ्याकडे पाहिलं. बाहेरच्या बाकावर माणसं होती, दार उघडं होतं.

“एकतीस वर्सं,” हरिदास म्हणाला. त्यानं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. “खर्रा माह्या होता. पह्यली चिमूट म्याच भरवली.”

त्यांना बाहेर बसायला सांगितलं. पुढं चार जण होते, तासभर तरी लागणार होता. कोकिळेच्या हातात केसपेपर होता आणि ती तो तळहातात घोटत होती. कागदाचा कोपरा भुगा होऊन तिच्या मांडीवर पडत होता. हरिदासनं तिच्या हातातून कागद काढून घेतला, खिशात घातला आणि पिशवीतून सुई काढून तिच्या बोटांत दिली. तिनं ती उलटी धरली. त्यानं सुलटी करून दिली. लोकर मात्र नव्हती, सगळी त्या रुमालात गेली होती.

त्यानं रुमालाच्या शेवटच्या गाठीत नख घातलं, ती सोडवली आणि दोऱ्याचं टोक धरून ओढलं. ओळ सरसर उसवत गेली. मग पुढची.

“अवो, एवढा चांगला झालता,” कोकिळा म्हणाली. “काऊन उसवून राह्यले?”

“दुसरी लोकर कुठून आनू इथं?” हरिदास म्हणाला आणि ओढत राहिला.